बावीस पौंडांचं खोकं

१

एक वाजून चार मिनिटांनी मी समितीच्या खोलीत शिरले, तेव्हा माझ्या दोन्ही हातांत फुकटचं चीज होतं आणि टेबलावरचं खोकं नाहीसं झालं होतं.

चीजचं आधी सांगून टाकते, कारण चूक तिथेच झाली. अधिवेशन चालू असलं की दर बुधवारी विधानभवनात कुणी ना कुणी खाऊ वाटतं. एकदा सफरचंदवाले, एकदा बटाटेवाले. तो बुधवार दूधवाल्यांचा होता, आणि त्यांच्या चीजची रांग आमदारांपासून झाडूवाल्यापर्यंत कुणी चुकवत नाही. मी ट्रूडी विस्न्यूस्की, श्रम समितीची चिटणीस. चौदा वर्षं मी माझा डबा टेबलाशी बसूनच खाल्ला होता. त्या दिवशी म्हटलं, दहा मिनिटांत काय आभाळ कोसळतंय! रांगेत पन्नास मिनिटं गेली आणि आभाळ कोसळलं. समितीच्या खोलीला कुलूप लावायची आमच्याकडे रीतच नाही. लोकांची खोली म्हणतात, म्हणून ती सदा उघडी.

खोकं तपकिरी पुठ्ठ्याचं होतं, एका बाजूला निळा पट्टा. आत एव्हरेट टॉलिव्हर नावाच्या विमा-हिशेबतज्ज्ञाने स्वतःच्या हाताने लिहिलेली दोन हजारांवर कार्डं. कामावर जखमी झालेल्या एकेका माणसाचं एकेक कार्ड. किती आठवडे घरी बसला, डॉक्टरवर किती गेले, वकिलावर किती, औषधांवर किती. सकाळी धापा टाकत त्याने खोकं टेबलावर ठेवलं आणि करवादला, "बावीस पौंड भरलं! बसवाल्याने वजन करून जादा भाडं उकळलं माझ्याकडून."

१९९३ चं ते साल. कामगार भरपाईच्या विम्याचा हप्ता तीन वर्षांत दुप्पट झाला होता. तीन सॉ मिलवाल्यांनी धमकी दिली होती, की हा खर्च आवरा, नाहीतर आम्ही नदीपलीकडच्या राज्यात जातो. म्हणून विधेयक आलं: जखमी कामगाराचा आठवड्याचा चेक दोन वर्षांनंतर बंद, बरा झालेला असो वा नसो. त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत विधेयक समितीतून बाहेर पडलं नाही तर ते दोन वर्षांसाठी मेलं. अध्यक्षबाई आर्डिथ कूम्ब्ज, गव्हाची शेती करणाऱ्या सरळसोट बाई, सकाळीच म्हणाल्या होत्या, "खर्च नेमका कशाने वाढला ते कार्डांवर दाखवा. कामगारांमुळे नसेल वाढला, तर चेक बंद करायचं कलम मी माझ्या हाताने खोडीन. पण कार्डं डोळ्यांसमोर पाहिजेत. मागच्या खेपेला एकाने तोंडी आकडे फेकले आणि पेपरवाल्यांनी माझं भरीत केलं."

शेवटच्या बाकावर डेल्मर स्ट्राउड बसला होता. सॉ मिलमधला करवतीवरचा माणूस, पन्नाशीचा, पाठीवर ओंडका पडलेला. त्याचा हा सत्त्याण्णवावा आठवडा चालू होता. विधेयक आहे तसं पास झालं तर त्याचे सात चेक उरले होते, आणि ही मोजणी खोलीतल्या प्रत्येकाने मनातल्या मनात केली होती.

"माझी कार्डं!" टॉलिव्हर दारातूनच ओरडला. माझ्या हातातलं चीज खाली पडलं.

२

मार्शलने दारं लावून घेतली. पण तपास कुणी करायचा? पोलीस येऊन नावं लिहून घेईपर्यंतच पाच वाजले असते. अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ट्रूडी, खाली जा. ओडेलाला बोलाव."

ओडेला टॉर्गर्सन आमच्याकडे कोट ठेवायच्या खिडकीवर बसते. कोट घ्यायचा, पितळी बिल्ला द्यायचा, एवढंच काम. पण त्याआधी एकतीस वर्षं ती विमा कंपनीत दावे तपासायची, आणि माणूस खुर्चीत कसा बसतो यावरून तो किती खोटं बोलतोय हे सांगायची. त्या सकाळी मी तिच्या शेजारीच उभी होते. डेल्मर आला, उजव्या हाताने कसाबसा कोट काढला, ओडेलाने बिल्ला त्याच्या डाव्या तळहातावर ठेवला आणि तो खणकन फरशीवर पडला. डेल्मर हसून म्हणाला, "सकाळपासून लोणी लागलंय हाताला." आम्हीही हसलो.

ओडेला चष्मा पुसत वर आली आणि पहिला प्रश्न तिने मलाच विचारला. "खोली सोडून कुठे गेली होतीस?"

"चीज आणायला."

"चांगलं होतं का?"

मला भुईने पोटात घ्यावंसं वाटलं.

त्या कार्डांशी ज्यांचं काही देणंघेणं होतं असे तिघे होते. पहिला क्लिफ्टन सॉरल्स, सॉ मिल मालकसंघाचा माणूस. चकचकीत बूट, आवाज त्याहून चकचकीत.

"मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात होतो, जेवत. कार्डं चोरून मला काय मिळणार? ती आमच्याच बाजूने बोलणार आहेत. हे लोक घरी बसून खातात, ओडेलाबाई. याच डेल्मरचं घ्या!" त्याने कागद फडकावला. "डॉक्टरांचा अहवाल, सकाळी वाचून दाखवलाय मी. पाठ ठीक, दोन्ही हातांची पकड उत्तम, पन्नास पौंड सहज उचलेल."

दुसरी नडीन प्रुएट, जखमी कामगारांची वकील, डेल्मरचीही. भरपाईत तिचा पाचवा हिस्सा.

"मी टेलिफोनवर होते. आणि तुमचा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे. वकिलांमुळे खर्च वाढला असं कार्डं म्हणाली तर माझं काय? तर माझं नुकसान होईल. पण माझ्या अशिलाचे सात चेक उरलेत, बाई. त्या खोक्याशिवाय मी त्याला काय सांगू?"

तिसरे डॉक्टर लायल हॅस्किन्स. सॉ मिलवाले आपली सगळी जखमी माणसं त्यांच्याच दवाखान्यांत पाठवतात. डेल्मरचा अहवाल त्यांचाच. गोड माणूस. त्या दिवशी त्यांनी खाली घुमटाखाली टेबल मांडलं होतं, येईल त्याचा रक्तदाब फुकट मोजायचा.

"नव्वद लोकांचे दंड आवळलेत मी सकाळपासून, सगळे साक्षीदार आहेत माझे," ते हसले. "मध्ये एकदा ढकलगाडी घेऊन खोकी आणायला तेवढा गेलो. आमच्या दवाखान्यातच गोळ्या मिळतात ना, त्यांचे नमुने वाटतोय. बिचाऱ्या पेशंटांना दुकानात हेलपाटा नको. ओडेलाबाई, तुमचाही दाब बघून घ्या एकदा, चेहरा लाल दिसतोय."

"बघू या हं," ओडेला म्हणाली. "आणि टॉलिव्हर, तू? कार्डं काय म्हणतात ते मला तरी सांग."

"कार्डांशिवाय एक आकडा बोलणार नाही," टॉलिव्हर हट्टाने म्हणाला. "आमच्या धंद्यात पुराव्यावाचून बोलणाऱ्याला भविष्यवाला म्हणतात."

तेवढ्यात सॉरल्सने दाराकडे बोट केलं. दारात एक जाडा माणूस उभा होता, खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा. "अध्यक्षबाई," सॉरल्सचा आवाज आनंदाने चिरकला, "तुमचा चोर माझ्याकडे आहे. टेपवर!"

३

बाहेरच्यांना हे ऐकून धक्का बसतो, पण आमच्याकडे ही रीतच आहे. माणूस जखमी झाला, की विमावाले त्याच्यामागे कॅमेरावाला लावतात. पाठ दुखते म्हणणारा एखाद्या दिवशी लाकडं फोडताना सापडावा, म्हणून तो दिवसचे दिवस गाडीत बसून राहतो. या जाड्याचं नाव बक ऑस्ट्रँडर. नऊ दिवस तो डेल्मरच्या मागावर होता आणि त्या दिवशी तो विधानभवनाच्या गाडीतळावर दबा धरून बसला होता.

टीव्ही आणला. आम्ही सगळे त्याच्याभोवती गोळा झालो.

बारा एक्केचाळीस. डेल्मर त्याच्या लाल पिकअपपाशी येतो. शेजारी कमरेइतका दगडी कठडा, त्यावर तपकिरी खोकं, निळा पट्टा स्पष्ट दिसतोय. डेल्मर वरचा कागद वाचतो. इकडेतिकडे बघतो. मग उजव्या हाताने खोकं उचलतो, एकाच हाताने, आणि मागे गाडीत ठेवतो.

खोलीत एकच गलका झाला.

"पाठ मोडलीय म्हणे!" सॉरल्स नाचायचाच बाकी होता. "बावीस पौंड, एका हाताने! चोरही आणि लबाडही! याचा चेक आजच बंद करा!"

मार्शल धावत जाऊन गाडीतलं खोकं घेऊन आला. आत कार्ड एकही नव्हतं, चीजच्या दोन वड्या होत्या आणि वर छापील अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी: दूधवाल्यांकडून भेट, घरी न्या.

डेल्मर उभा राहिला. पांढरा फटक पडला होता. "चिठ्ठी होती म्हणून घेतलं. लोरेटाला, माझ्या बायकोला, आवडतं चीज. मी ते खोकं आधी पाहिलंसुद्धा नव्हतं. इथे मागे बसलो होतो मी."

"कार्डं कुठे टाकलीस ते सांग!" सॉरल्स गरजला.

अध्यक्षबाईंनी डोळे मिटून घेतले. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. "मार्शल, पोलिसांना फोन करा," त्या थकून म्हणाल्या.

"एक मिनिट," ओडेला म्हणाली. ती टीव्हीपुढे गुडघ्यांवर बसली होती, नाक काचेला टेकलेलं. "पुन्हा लाव."

खोकं कठड्यावर कुणी ठेवलं ते बकने पाहिलं नव्हतं; डेल्मर दिसेपर्यंत तो गाडीत पेंगत होता. टेप तीनदा लावली. तिसऱ्या वेळी तिने एक बोट काचेवर ठेवलं. "टॉलिव्हर, ही दोरी तू बांधलीस?"

मीही तेव्हाच पाहिलं. खोक्याला आडवी-उभी दोरी बांधलेली, आणि वर मधोमध एका हातात मावेल एवढी कडी.

"दोरी कसली?" टॉलिव्हर म्हणाला. "माझ्या खोक्याला दोन बाजूंना दोन भोकं आहेत. दोन हातांनी धरायचं."

ओडेला सावकाश उठली. "सॉरल्स, बक बाहेर बसलाय हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"मला. आणि..." तो थांबला. "सकाळी नाश्त्याला एकदोघांना बोललो असेन. त्यात काय?"

"कुणाला, ते आठवून ठेव." तिने डेल्मरचा दंड धरला आणि त्याला बाहेर नेलं. "ट्रूडी, तू पण चल. साक्षीला लागशील."

४

पायऱ्यांवर खाली कुणी नव्हतं. ओडेलाने खिशातून पितळी बिल्ला काढला. "डावा हात पुढे कर."

डेल्मरने हात मागे घेतला.

"मी एकतीस वर्षं खोटे लंगडे पाहिले रे," ती हळूच म्हणाली. "खरा आजार लपवणारा पहिल्यांदाच पाहतेय. सकाळी बिल्ला पडला, तुला कळलंच नाही. आवाज झाला तेव्हा तू खाली पाहिलंस."

डेल्मरने मागे वळून दार लागलंय का ते पाहिलं. मग पायरीवर बसला, आधी उजवा हात टेकून. "करंगळीपासून सुरू झालं. आता मनगटापर्यंत काही लागतच नाही. बाई, पाया पडतो, आत बोलू नका. पाठ बरी होईल, मी परत जाईन. बत्तीस वर्षं उभा आहे मी त्या करवतीपाशी. पण हाताला कळत नाही अशा माणसाला करवतीजवळ कोण उभं करेल? लोरेटालाही नाही सांगितलं मी."

"नडीनला?"

"नाही. तिने कागदावर घातलं असतं."

"कुणाला सांगितलंस मग?"

डेल्मरने वर पाहिलं, आणि एक नाव घेतलं.

"हे आत तुलाच बोलावं लागेल," ओडेला म्हणाली. "मी बोलले तर ऐकीव होईल. बोललास तर तुझी करवत गेली, हे मला ठाऊक आहे. नाही बोललास तर चेक गेला, नाव गेलं, आणि तुझ्यासारख्या सगळ्यांचे चेक गेले. मी जबरदस्ती नाही करणार."

ती पायऱ्या चढून गेली. डेल्मर बसूनच राहिला. त्या माणसाच्या जागी मी असते तर काय केलं असतं, देव जाणे.

५

चार बावीस. सगळे आपापल्या खुर्चीत. डेल्मरची खुर्ची रिकामी.

"पळाला!" सॉरल्स म्हणाला.

"आधी खोक्याचं बोलू," ओडेला म्हणाली. "चोराला डेल्मर टेपवर यायला हवा होता. म्हणजे चोराला कॅमेरा ठाऊक होता. नडीन, तुला ठाऊक होता?"

"ठाऊक असता तर त्या कॅमेरावाल्याच्या गाडीच्या काचेवर मीच कोट टाकला असता."

"बरं. आता सॉरल्स. तू ठामपणे मानतोस की डेल्मर लबाड आहे, धडधाकट आहे. तू चोर असतास तर भरलेलं खोकंच ठेवलं असतंस. बावीस पौंड उचलताना सापडला म्हणजे एका दगडात दोन पक्षी! पण या चोराने खोकं रिकामं केलं. वाकावं लागू नये म्हणून कमरेइतक्या कठड्यावर ठेवलं. का? कारण जड खोकं जमिनीवर असतं तर डेल्मर तिथेच सोडून गेला असता, आणि टेपवर काहीच आलं नसतं. थोडक्यात, या माणसाला पक्कं ठाऊक होतं की डेल्मरची पाठ खरोखर गेली आहे."



"पाठीचं नडीनलाही ठाऊक आहे," डॉक्टर हॅस्किन्स सौम्यपणे म्हणाले.

"आहे ना. पण ही कडी बघा. एकाच हातासाठी. नडीन, तुझ्या अशिलाच्या डाव्या हाताला काय झालंय?"

"हाताला?" नडीन गोंधळली. "दावा पाठीचा आहे. हाताचं काय?"

तिच्या चेहऱ्यावर बनाव नव्हता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

तेवढ्यात दार उघडलं. डेल्मर आत आला, थेट पुढे, साक्षीदाराच्या टेबलापाशी. त्याने डावा हात वर केला.

"हा मेलाय," तो म्हणाला. "सप्टेंबरपासून. बायकोला सांगितलं नाही, वकिलाला सांगितलं नाही. एकाच माणसाला सांगितलं, तपासणीच्या खोलीत, कारण त्याने सुई टोचली आणि मला कळलं नाही. डॉक्टर हॅस्किन्स, तुम्ही म्हणालात, काळजी नको, कागदावर नाही घालत. मी तुमचे आभार मानले होते!"



"लायल," सॉरल्स पुटपुटला, "सकाळी नाश्त्याला... मी बकचं तुलाच सांगितलं."

डॉक्टर उठले. "हास्यास्पद आहे हे! माझा अहवाल स्वच्छ सांगतो, दोन्ही हातांची पकड उत्तम."

"हो ना," ओडेला म्हणाली. "अहवालात पन्नास पौंड, आणि दोरी बांधताना दोन वड्या चीज. डेल्मर सोडला, तर ती पकड खोटी आहे हे ठाऊक असलेला या खोलीत एकच माणूस होता, डॉक्टर, आणि तो तुम्ही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

"कार्डं कुठे आहेत? पुरावा कुठे आहे?"

"चला, माझा रक्तदाब मोजायला."

६

आख्खी समिती पायऱ्या उतरून घुमटाखाली धावली. पुढे अध्यक्षबाई, मागे सॉरल्सचे चकचकीत बूट. टेबलाखाली पांढऱ्या कापडाआड ढकलगाडीवरून आणलेली गोळ्यांची पाच खोकी होती.

"औषधं आहेत ती! हात लावायचा नाही कुणी!" डॉक्टर ओरडले.

"हात नाही लावत," ओडेला म्हणाली आणि तिने पायाने पहिलं खोकं ढकललं. आतल्या बाटल्या खुळखुळल्या. दुसरं खुळखुळलं. तिसरंही. चौथं हललंच नाही, आणि आवाजही नाही. पाचवंही मुकं.

मार्शलने चाकू लावला. वर गोळ्यांच्या बाटल्यांचा एक थर, आणि खाली टॉलिव्हरचं बारीक अक्षर, कार्डामागून कार्ड. दिवसभर आम्ही सगळे तिथेच रांगेत दंड आवळून घेत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा! टॉलिव्हर तर फरशीवर बसून त्यांना मोजायलाच लागला.

"नंतर मोज रे बाबा," अध्यक्षबाई म्हणाल्या. चार एकोणचाळीस झाले होते. "काय म्हणतात कार्डं ते बोल."

"माणसं पूर्वीइतकेच आठवडे घरी बसतात. एकही जास्त नाही. वकिलांचा वाटाही तेवढाच. वाढलं ते एकच: दवाखान्यातून विकलेल्या गोळ्या. दुकानात सहा डॉलरला मिळते ती बाटली डॉक्टर स्वतःच्या खिडकीतून तीस डॉलरला देतात, बिल विम्याला. निम्म्याहून जास्त कार्डांवर एकच नाव आहे. मी गेल्या महिन्यात भाव विचारायला त्यांच्या दवाखान्यात फोन केला होता, तेव्हाच त्यांना कळलं असणार."

सॉरल्स डॉक्टरांकडे बघत राहिला. त्याच्या मालकसंघाचे पैसे तीन वर्षं त्याच्याच साक्षीदाराच्या खिशात जात होते, आणि ते दाखवणारी टेपही त्याच्याच पैशाने निघाली होती. मला त्याची कीव आली असती, पण वेळ नव्हता.

चार त्रेपन्नला, पायऱ्यांवर उभ्या उभ्याच, अध्यक्षबाईंनी चेक बंद करायचं कलम खोडलं. त्या जागी एक ओळ घातली: दवाखान्यातली गोळी दुकानाच्याच भावाने. हात वर करा. सगळे वर. चार सत्तावन्नला विधेयक समितीतून बाहेर पडलं आणि मी, चौदा वर्षांची चिटणीस, कागद छातीशी धरून लहान मुलीसारख्या उड्या मारल्या!

गर्दी ओसरली. मार्शल डॉक्टरांना घेऊन गेला. डेल्मर कोटाच्या खिडकीपाशी आला. नडीनने वाटेत त्याला सांगितलं होतं, हाताचा दावाही उद्याच भरू, चेक चालू राहील.

"चेक राहिला," तो ओडेलाला म्हणाला. "करवत गेली."

ओडेलाने काही समजूत घातली नाही. तिने कोट आणला आणि डाव्या बाहीचं तोंड उघडून धरलं. त्या माणसाने सप्टेंबरपासून लपवलेला हात आपणहून तिच्याकडे दिला. तिने तो अलगद बाहीत सरकवला, एकेक बोट मोकळं केलं आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.

"टेलिफोन करू का लोरेटाला?" मी विचारलं.

"नको," डेल्मर म्हणाला. "मीच सांगतो घरी जाऊन. चीजच्या त्या दोन वड्या मला मिळतील का?"

त्या पुरावा होत्या. मी माझ्या दिल्या.